गुडघा बदलल्यावरचा घरातला पहिला पंधरवडा : दुखणं, गोळ्या आणि किडनी

हे प्रकरण ६६ वर्षांच्या एका काकूंचं आहे. नागपुरात नंदनवन भागात राहतात, वजन ५८ किलो. रक्तदाब जुना, त्यासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ यांची एकत्र गोळी रोज चालू. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. उजव्या गुडघ्याची झीज एवढी झाली होती की घराचा जिना उतरणं बंद झालं होतं. मे महिन्यात शहरातल्या एका रुग्णालयात तो गुडघा बदलला. शस्त्रक्रियेत काहीच अडचण आली नाही. चौथ्या दिवशी वॉकर धरून त्या स्वतःच्या पायांनी घरात आल्या. आठव्या दिवशी सकाळी सुनेचा मला फोन आला. आईंना उलट्या होताहेत, हाक मारली की तेवढ्यापुरते डोळे उघडतात, आणि गुडघा दुखतो म्हणून कण्हणं काही थांबत नाही.

मी या घराचा फॅमिली डॉक्टर. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की या घरात हयगय कुणीच केली नव्हती. काका रात्र रात्र जागत होते, सून नोकरी सांभाळून पथ्यपाणी बघत होती, मुलगा पुण्याहून दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करत होता. दुखणं थांबवणारी औषधं घरात गरजेपेक्षा जास्तच होती. कोणती गोळी कधी द्यायची, तिच्यात नेमकं काय आहे आणि ती कुणी द्यायची, हे मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं.

रुग्णालयातून मिळालेला कागद

डिस्चार्ज कार्डावर दुखण्यासाठी चार औषधं होती. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा. असेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ यांची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, फक्त तीन दिवस. ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ यांची एकत्र गोळी, पुढे लिहिलेलं 'एसओएस', म्हणजे फारच दुखलं तर. रात्री नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबॅलिन ७५. याशिवाय ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन आठवडे रिव्हरॉक्झाबॅन १०, आणि शेवटी एक ओळ : बीपी-शुगरची औषधं पूर्वीप्रमाणे चालू.

एकेक औषध वेगळं काढून पाहिलं तर त्याचं समर्थन करता येतं. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं थोड्या थोड्या मात्रेत एकत्र द्यायची, म्हणजे कुठल्याच एकाची मोठी मात्रा लागत नाही, ही पद्धत आज जगभर वापरतात. माझा आक्षेप कागदावर आहे. त्यावर सगळी कंपन्यांनी ठेवलेली नावं होती, आतल्या औषधाचं नाव एकाचंही नव्हतं. पट्टीवरही तेच, ब्रँडचं नाव ठळक आणि औषधाचं नाव भिंग घेऊन वाचावं एवढं बारीक. तीन वेगवेगळ्या नावांच्या तीन पट्ट्यांत पॅरासिटामॉल आहे, हे घरातल्या कुणाला कळायला मार्गच नव्हता. असेक्लोफेनॅकवाली गोळी तीन दिवसच घ्यायची होती, पण मेडिकलवाल्याने दहा गोळ्यांची आख्खी पट्टी दिली. घरात गोळ्या शिल्लक आहेत म्हणजे कोर्स चालू आहे, असा काकांनी साधा अर्थ काढला.

रुग्णालयात दुखणं आटोक्यात होतं याचीही कारणं होती. कमरेतून दिलेल्या भुलीबरोबर मांडीत नसेचा ब्लॉक, म्हणजे गुडघ्याकडे जाणारी नस बधिर करणारं इंजेक्शन, दिलं होतं. त्याचा असर साधारण पहिले १२ ते २४ तास टिकतो. पुढचे दिवस सलाइनमधून ठरल्या वेळी औषध जात होतं, आणि ते दिल्याची नोंद नर्स तक्त्यावर करत होती. पाळी बदलली की तक्ता पुढच्या नर्सच्या हातात जायचा. घरी आल्यावर ब्लॉक नाही, सलाइन नाही आणि तक्ताही नाही. व्यायाम मात्र रोज वाढत जातो. त्यामुळे घरी आल्यानंतरचे काही दिवस दवाखान्यापेक्षा जास्त दुखतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर घरच्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं.

घरात काय चाललं होतं

काकू दिवसा गोळी घ्यायला तयार नसायच्या. "दुखूनच नाही राहिलं तर गोळी काहून घेऊ?" हे त्यांचं म्हणणं. सकाळी कूलरसमोर पाय लांब करून पडलेल्या असताना खरोखरच फारसं दुखत नसे. त्यात दोन भीती मनात घर करून बसलेल्या. पेनकिलरने किडनी खराब होते, आणि पेनकिलरची सवय लागते. म्हणून सकाळी नाश्त्यानंतरची एक पॅरासिटामॉल घेतली की थेट संध्याकाळपर्यंत काहीच नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडम पाचला यायच्या. गुडघा वाकवायला सुरुवात झाली की काकू किंचाळायच्या, व्यायाम अर्ध्यावर थांबायचा, गुडघा सुजायचा. रात्री नऊनंतर दुखणं असं काही चढायचं की हातात येईल ती गोळी द्यायची वेळ यायची.

ती वेळ काकांवर यायची. "रातभर कण्हून राहिली होती, मला पाहवलं नाही जी," ते मला म्हणाले. मी सगळ्या पट्ट्या पलंगावर मांडायला लावल्या, प्रत्येकीतल्या रिकाम्या जागा मोजल्या आणि दोघांना विचारत मागचे २४ तास जुळवले. पॅरासिटामॉल ६५० दोन वेळा. असेक्लोफेनॅकची एकत्र गोळी तीन वेळा. ट्रामाडॉलची एकत्र गोळी दोन वेळा, दोन्ही रात्री. प्रीगॅबॅलिन दोनदा, कारण ती झोपेची गोळी असावी असं समजून काकांनी पहाटे तीनला आणखी एक दिली होती. एवढ्यावर थांबलं नव्हतं. घरात औषधांचा एक पत्र्याचा डबा आहे. मागच्या वर्षी काकांची कंबर धरली होती, तेव्हाची डायक्लोफेनॅक ५० ची अर्धी पट्टी त्यात होती. तिच्यातल्याही दोन गेल्या होत्या.

पॅरासिटामॉलची बेरीज केली. ६५० चे दोन म्हणजे १३००, ३२५ चे तीन म्हणजे ९७५, ३२५ चे दोन म्हणजे ६५०. एकूण २९२५ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात. वय जास्त किंवा वजन कमी असेल तर बहुतेक डॉक्टर ३००० च्या आत राहतात. म्हणजे यकृताच्या बाबतीत थोडक्यात निभावलं. कार्डावरच्या तीनही गोळ्या कुणी श्रद्धेने पुरेपूर घेतल्या असत्या, एसओएसची दिवसातून तीनदा, तर हाच आकडा ३५७५ वर गेला असता. त्यात सर्दीची एखादी गोळी पडली की संपलंच, कारण तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉलच असतं.

खरा घाव दुसरीकडे बसला होता. असेक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक एकाच जातीची औषधं आहेत. असेक्लोफेनॅकचा थोडा भाग शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतो. दोन्ही एकत्र घेतल्याने दुखणं दुपटीने कमी होत नाही, जठराला आणि किडनीला होणारा त्रास मात्र वाढतो. त्यात रक्त पातळ ठेवणारं रिव्हरॉक्झाबॅन चालू, म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता आणखी वाढली. शौचाचा रंग काळा आहे का, हे मी विचारलं. चार दिवस शौचालाच झालेलं नव्हतं.

तपासणीत दिसलं ते असं. काकू गुंगीत, पण प्रश्नाचं उत्तर बरोबर देत होत्या. श्वास मिनिटाला १४, ऑक्सिजन ९७ टक्के. नाडी ९८, रक्तदाब १००/६०, एरवी तो १३० च्या घरात असतो. ताप नाही. जीभ कोरडी. टाके कोरडे, आजूबाजूला लाली नाही. पोटरी मऊ, दाबल्यावर दुखत नव्हती. लघवी आदल्या संध्याकाळपासून एकदाच, थोडी आणि गडद. ओटीपोट दाबून पाहिलं. मूत्राशय भरलेलं नव्हतं, म्हणजे लघवी तुंबली नव्हती, तयारच कमी होत होती. दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन, जे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं, १.६, शस्त्रक्रियेआधी ते ०.९ होतं. सोडियम १३१, पोटॅशियम ५.१. हिमोग्लोबिन ९.८, शस्त्रक्रियेनंतर एवढं उतरणं अपेक्षित होतं. साखर १४२.

पाण्याची गोष्ट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागला होता. त्या दिवसांत नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलरची हवा अंग गार ठेवते पण घाम सुकवत राहते, आणि आपलं पाणी किती चाललंय ते कळतही नाही. मी काकूंना विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? त्यांनी आधी टाळलं, मग सुनेला बाहेर जायला सांगून हळूच म्हणाल्या, "पाणी पेलं की उठावं लागते. संडासापर्यंत जायचं म्हणजे जीव जाते." पलंगापासून स्वच्छतागृह लांब, मध्ये एक उंबरठा, आणि प्रत्येक वेळी सुनेला किंवा काकांना उठवायचं संकोचाचं ओझं. म्हणून त्या पाणी टाळत होत्या. दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले.

दुखण्याच्या औषधांबद्दल बोलताना हा मुद्दा कुणी काढत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. शरीरात पाणी कमी पडलं की किडनीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून गाळणी चालू राखण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅकच्या जातीची सगळी औषधं हीच द्रव्यं बनू देत नाहीत, दुखणं आणि सूज त्यामुळेच कमी होते. म्हणजे आत येणारा रस्ता अरुंद झाला. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, त्यामुळे गाळणीतला दाब आणखी उतरतो. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं. या तिघांची गाठ आधीच कोरड्या पडलेल्या शरीरात पडली आणि दोन-तीन दिवसांत किडनीचं काम मंदावलं.

पुढची कडीही समजून घ्यायला हवी. प्रीगॅबॅलिन शरीरात फारसं बदलत नाही, जवळजवळ जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. ट्रामाडॉलपासून यकृतात जे जास्त प्रभावी द्रव्य तयार होतं, तेही किडनीनेच बाहेर टाकायचं असतं. किडनी मंद झाल्यावर दोन्ही साचत गेली. काकूंची गुंगी, चक्कर आणि मळमळ तिथून आली. घरच्यांनी मात्र गुंगी पाहून म्हटलं, चला, गोळी लागू पडली, झोप तरी लागली. जागं केल्यावर नीट जाग येत नाही अशी झोप म्हणजे आराम नव्हे. दुखणं तर तिच्या आतही चालूच होतं, म्हणून त्या झोपेतही कण्हत होत्या.

त्या दिवशी काय केलं

सर्जनना फोन करून सगळं सांगितलं आणि पुढचं त्यांच्या संमतीने केलं. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक आणि प्रीगॅबॅलिन पूर्ण बंद. ट्रामाडॉल गुंगी उतरेपर्यंत बंद. टेल्मिसार्टनची एकत्र गोळी आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवली. रिव्हरॉक्झाबॅनचाही काही भाग किडनीवाटे जातो, म्हणून त्यावर चर्चा झाली. काकूंच्या किडनीची क्षमता वय-वजन धरून काढली तर मिनिटाला ३० मिलिलिटरच्या थोडी वर येत होती. गुठळीचा धोका लक्षात घेऊन सर्जननी ते चालू ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्ततपासणी करायची ठरली. जवळच्या एका लहान दवाखान्यात दिवसभर ठेवून हळूहळू सलाइन दिलं. संध्याकाळी रक्तदाब ११६/७० झाला, लघवी मोकळी झाली, आणि त्या घरी आल्या.

त्या रात्री दुखण्यासाठी दर सहा तासांनी पॅरासिटामॉल ६५०, बर्फ आणि पायाची नीट मांडणी, एवढंच होतं. रात्र कठीण गेली. दुखणं दहापैकी सहावर होतं. पण काकू शुद्धीत होत्या, आणि मला त्या घडीला तेच हवं होतं.

बर्फावरून आधी वाद झालाच. शेजारच्या वहिनींनी बजावून ठेवलं होतं, "बर्फ नका लावू बाप्पा, गुडघा आखडते." म्हणून घरात गरम पाण्याच्या पिशवीने शेक चालला होता. ताज्या शस्त्रक्रियेच्या सुजेवर शेक दिला की सूज वाढते. बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून, ड्रेसिंग ओलं होणार नाही अशा बेताने, एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, असं ठरलं. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं म्हणून काकूंनी जाडजूड उशी घेतली होती. ती काढली. गुडघा वाकलेला ठेवायची सवय लागली की तो पुढे सरळ होत नाही. त्याऐवजी टाचेच्या वर घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

आणि एक कमोड खुर्ची आणली. सर्जिकल सामानाच्या दुकानातून भाड्याने, पलंगाशेजारी ठेवायची. या प्रकरणात सर्वांत कामाची वस्तू कोणती असं मला विचारलं तर मी तिचंच नाव घेईन. ती आल्याबरोबर काकू पाणी प्यायला लागल्या. लिटरची बाटली दुपारपर्यंत एक, रात्रीपर्यंत दुसरी, वर मीठ घालून पातळ ताक. नातेवाईक भेटायला येताना नारळपाणी आणत होते. पोटॅशियम खाली येईपर्यंत ते दुसऱ्यांनी प्यावं असं मी सांगितलं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

तक्ता

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.४ वर आलं, गुंगी उतरली. मग मी आणि सून बसलो आणि नातवाच्या वहीतल्या आडव्या कागदावर तक्ता आखला. कपाटाच्या दारावर चिकटवला. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम, ब्रँड कंसात. तिसऱ्यात गोळीआधी दुखणं दहापैकी किती, चौथ्यात तासाभराने किती. शेवटी पाणी, लघवी, शौच. गोळी देणाऱ्याने सही करायची. सही नसेल तर गोळी दिलेली नाही असं समजायचं, पण पट्टी मोजल्याशिवाय दुसरी द्यायची नाही.

दुखणं कधी मोजायचं, हेही ठरवलं. काकू पडलेल्या असताना विचारलं की त्या दोन-तीन सांगायच्या, आणि त्या आकड्यावर गोळी टाळली जायची. गुडघ्याचं दुखणं विचारायची वेळ म्हणजे उठून बसताना, पाऊल टाकताना, गुडघा वाकवताना. तिथे तोच आकडा सात होता. चालता यावं, वाकवता यावं, खोल श्वास घेता यावा, झोपता यावं, यासाठी गोळी असते. दुखणं शून्यावर आणायचा प्रयत्न या पंधरवड्यात कुणी करू नये. त्या नादात औषधं वाढत जातात. हालचाल करताना चार-पाच आणि पडल्यावर दोन-तीन, हे आमचं लक्ष्य होतं.

पॅरासिटामॉल ६५० सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. दुखो वा न दुखो. दिवसाचे २६०० मिलिग्रॅम. रात्री बाराचा गजर काकांच्या मोबाइलवर. काकूंना हा 'न दुखता गोळी' प्रकार पटवायला वेळ लागला. दुखणं एकदा डोक्यावर चढलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि त्याच जास्तीच्या औषधाने तुम्हाला आजारी पाडलं, हे त्यांना पट्ट्या दाखवून समजावलं. किडनीची त्यांची भीती पूर्णपणे खरी होती, फक्त ती चुकीच्या गोळीला लावलेली होती. ठरल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित होतं, आणि नेमकं तेच त्या टाळत होत्या.

ट्रामाडॉल पुन्हा सुरू केलं, पण एकत्र गोळीतलं नाही, नुसतं ५० मिलिग्रॅम. म्हणजे पॅरासिटामॉलच्या हिशेबात गडबड होणार नाही. संध्याकाळी सहाला काहीतरी खाऊन एक. दुसरी लागलीच तर किमान आठ तासांनी, आणि दिवसात दोनच्या वर नाही. त्याआधी मी दोन गोष्टी पक्क्या विचारून घेतल्या, पूर्वी कधी फिट आली आहे का, आणि नैराश्याची किंवा झोपेची कुठली गोळी चालू आहे का. दोन्हीचं उत्तर नाही होतं. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल धोक्याचं ठरतं. फिजिओथेरपिस्ट मॅडमना वेळ बदलायची विनंती केली. एवढ्या उन्हात दुपारी कुणी येणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळी सातची वेळ ठरली. सहाच्या गोळ्या तोवर काम करायला लागलेल्या असत. या मात्रा या रुग्णाच्या वयाला, वजनाला आणि त्या दिवशीच्या किडनीला धरून ठरवलेल्या होत्या, दुसऱ्या कुणी त्या उचलू नयेत.

बद्धकोष्ठावर घरात इसबगोल चालू होतं. ट्रामाडॉलसारख्या औषधाने आतड्याची चालच मंद होते. पाणी कमी आणि इसबगोल जास्त, अशाने आत गोळाच बसतो. ते थांबवून रात्री बायसाकोडिल आणि लॅक्ट्युलोज दिलं. दुसऱ्या सकाळी पोट साफ झालं. शौच काळं नव्हतं, आणि माझी एक मोठी काळजी मिटली. जेवण सुधारलं, मळमळ गेली.

पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी चालू असलं की ताप झाकला जातो. म्हणून गोळी देण्याआधी थर्मामीटर लावायचं, नंतर नाही, हे तक्त्याच्या वरच लिहिलं. काकांना झोपेतले श्वास घड्याळ लावून मोजायला शिकवलं. मिनिटाला दहाच्या खाली गेले किंवा हलवूनही जाग येईना, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि थांबायचं नाही, थेट रुग्णालयात न्यायचं. आठ तास लघवी झाली नाही, शौच काळं झालं, पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, तर वेळ न बघता फोन करायचा. काकांनी हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून डोळ्यांसमोर लावलं. एका वेळी एकच माणूस गोळ्या देणार, रात्री काका आणि दिवसा सून, हेही तिथेच लिहिलं.

पुण्याच्या मुलाशी मी स्वतः बोललो. "आईला एखादी स्ट्राँग गोळी लिहून द्या ना," असं तो आधी म्हणत होता. दूर बसलेल्या मुलाची तगमग मी समजू शकतो. त्याला तक्त्याचा फोटो रोज रात्री पाठवायचा, आणि औषधाबद्दलची सूचना त्याने आईबाबांना न देता मला द्यायची, असं ठरलं. त्याने ते पाळलं. एवढ्या एका गोष्टीने घरातली रात्रीची धावपळ निम्म्याने कमी झाली.

पुढे काय झालं

सलाइन दिल्यापासून चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.१, सोडियम १३५, पोटॅशियम ४.५. रक्तदाब १४८/८६ वर गेला होता, म्हणून टेल्मिसार्टन एकटं सुरू केलं, हायड्रोक्लोरोथायझाइड उन्हाळा सरेपर्यंत बाजूला ठेवलं. मेटफॉर्मिनही सुरू झालं. टाके ठरल्याप्रमाणे दोन आठवड्यांनी सर्जननी काढले. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी गुडघा ६० अंशांपर्यंत वाकत होता. बाराव्या दिवशी ७५, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ९०. व्यायामाच्या वेळचं दुखणं सातवरून पाचवर, मग चारवर आलं.

मध्ये एक दिवस वाईट गेला. घरी पाहुणे आले, काकू दोन-अडीच तास पाय खाली सोडून बसल्या, आणि रात्री गुडघा टम्म सुजला. दुखणं आठ. काकांनी पत्र्याच्या डब्याकडे न जाता आधी बर्फ लावला, पाय उंच ठेवला, तक्ता पाहून दुसरं ट्रामाडॉल दिलं आणि मला फोन केला. ताप नव्हता, पोटरी मऊ होती. सकाळपर्यंत ते पाचवर आलं.

'सवय लागेल' या भीतीबद्दलही काकूंशी मोकळं बोललो. ट्रामाडॉल अफूच्या वर्गातलं औषध आहे आणि भारतात ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. भीती निराधार नाही. पण दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत, दोन-तीन आठवडे घेतलं आणि कमी करत थांबवलं तर व्यसन जडण्याची शक्यता फार कमी असते. थांबवायची तारीख आम्ही सुरुवातीलाच तक्त्यावर लिहून टाकली होती. तिसऱ्या आठवड्यात रात्रीची गोळी बंद झाली, मग व्यायामाआधीची एक दिवसाआड, मग तीही. उरलेल्या गोळ्या सुनेने माझ्याकडे आणून दिल्या. पत्र्याच्या डब्यातली डायक्लोफेनॅकची पट्टी आणि नावं पुसलेल्या बाकीच्या गोळ्याही त्याच पिशवीत होत्या.

सहा आठवड्यांनी तपासलं तेव्हा गुडघा १०५ अंशांपर्यंत वाकत होता, क्रिएटिनिन ०.९ वर परतलं होतं, आणि काकू फक्त व्यायामाच्या आधी एक पॅरासिटामॉल घेत होत्या. डावा गुडघाही झिजलेला आहे. तो दिवाळीनंतर, थंडीत करायचं सर्जननी सुचवलं आहे. त्यांना द्यायच्या पत्रात मी चार गोष्टी लिहिल्या. टेल्मिसार्टन चालू असताना डायक्लोफेनॅकच्या जातीचं औषध नको. प्रीगॅबॅलिन नको, या रुग्णाला त्याने फार गुंगी येते. डिस्चार्ज कार्डावर औषधांची खरी नावं आणि प्रत्येकाची थांबवायची तारीख हवी. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन तपासायचं. भरलेला तक्ता पत्राला जोडला आहे, आणि कमोड खुर्ची शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच घरी आणून ठेवायची, असं सुनेने ठरवलं आहे.